निंगव्वाचा भूतकाळ

नवी पेठ, सोलापूर
४ जून २०२५

आत्या,

नमस्कार आधी आणि काम नंतर, नाहीतर म्हणशील कामापुरती आत्या.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. आमचं ऑफिस कापडाच्या दुकानावर आहे. मी मोठ्यानं बोलले की खालची गिऱ्हाइकं साडी सोडून वर बघतात. म्हणून हे पत्र. शिवाय मला तुझी वाक्यं कागदावर हवी आहेत.

आम्ही मोबाइलमध्ये बोलणारी एक बाई तयार करतोय. चॅटबॉट म्हणतात त्याला. गरोदर बायकांनी तिला विचारायचं, पाय दुखतात, जेवण जात नाही, काय करू? तिनं आपल्या सोलापूरच्या बोलीत उत्तर द्यायचं आणि धोका दिसला तर दवाखान्यात धाडायचं. औषधपाण्याचा भाग डॉक्टर बघतात. ती बाई कोण, कशी, हे ठरवणं माझ्या गळ्यात पडलंय. नाव, वय, स्वभाव, पहिलं वाक्य, आणि जी वाक्यं तिनं कधीही बोलायची नाहीत ती. आठवडाभर कोरा तक्ता पुढ्यात घेऊन बसलेय. माझ्या हातून जी बाई होते ती बँकेतल्या साहेबासारखी बोलते, ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?’

तू तीस वर्षं अंगणवाडी चालवलीस. होटगीतल्या निम्म्या पोरांच्या आया तुझ्या रजिस्टरमधून गेल्या. तेव्हा तू सांगायचंस, मी लिहायचं. नाव तर तूच ठेव, आत्याचाच मान तो. या बाळाला कुर्र करायला कान नाहीत, पण तुझ्या पाठीत धपाटे घालायला मी आहे.

मला यायला जमणार नाही. होटगी काही लांब नाही हे ठाऊक आहे. का जमत नाही हेही तुला ठाऊक आहे. आई बरी असेल.

तुझी
उत्कर्षा


होटगी
११ जून २०२५

उत्कर्षा बाळ, आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नवी पेठेतली पोरगी होटगीच्या आत्याला पत्र लिहिते म्हणजे शेजारच्या खोलीत तार करण्यातला प्रकार. पण मला आवडलं. निवृत्त झाल्यापासून मला वीजबिलाशिवाय कोणी लिहीत नाही.

तुझ्या बाईचं पहिलं वाक्य तू लिहिलंयस, ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?’ अशी बोलणारी बाई दारात आली तर आमच्याकडं कुत्रं सोडतील. तिनं म्हणावं, ‘काय गं, जेवलीस का?’ बस. जेवली की नाही, काय जेवली, का नाही जेवली, यातून निम्मी तब्येत कळते. ‘घाबरू नका’ हे तिनं कधी म्हणायचं नाही. न घाबरलेली बाईसुद्धा ते ऐकून घाबरते. ‘तुम्ही आधी का नाही सांगितलं’ हेही नाही. सासूला बोलवून आण असं तर चुकूनही नको.

आणि एक. तब्येत एकदा विचारून भागत नाही. पंगतीत पहिल्या ‘नको’ला वाढपी पुढं जातो का? मग ‘बरं हाय’ला तू का पुढं जातेस? पहिलं ‘बरं हाय’ घरातले ऐकत असतात म्हणून असतं. दुसरं सवयीनं तोंडातून निघतं. मध्ये शेळीचं, पाण्याचं, माहेरचं काहीबाही बोलावं आणि तिसऱ्यांदा विचारावं. मग बाई इकडंतिकडं बघते आणि सांगते. तीनदा विचारल्याशिवाय तुझ्या त्या बाईनं उठायचं नाही, हे ठळक अक्षरात लिही.

वय पन्नास धर. तरुण पोरीला कोणी सांगत नाही आणि म्हातारीला ऐकू येत नाही.

नाव निंगव्वा ठेव. तुझ्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं नाव. का म्हणून विचारू नकोस. मान दिलायस तर निभाव.

तुझी आई बरी आहे. मेंढरं विकली, चार शेळ्या ठेवल्यात. सकाळी रुळापलीकडं चारायला नेते, माझ्या खिडकीतून दिसते.

आत्या


नवी पेठ, सोलापूर
२० जून २०२५

आत्या,

निंगव्वा पास झाली. आमचे कुमार सर आधी म्हणाले, नाव जुनाट आहे, ‘सखी’ ठेवू. मी म्हटलं, सखी नावाच्या सतरा योजना आहेत, निंगव्वा एकच. ‘जेवलीस का’ तर सगळ्या ऑफिसनं उचललंय, शेजारच्या टेबलावरची प्रियंका रोज आल्या आल्या मला तेच विचारते. तीनदा विचारण्यावर मात्र वाद झाला. सर म्हणाले, लोकांना कटकट वाटेल. मी पंगतीचं उदाहरण दिलं. ते स्वतः अक्कलकोटचे, पंगतीत हाताचा पंजा आडवा धरूनही ज्यांच्या पानात बुंदी पडते त्यातले. लगेच पटलं.

आता मोठं काम. निंगव्वाला भूतकाळ द्यायचाय. ती कोण होती, तिनं काय पाहिलं, ती तीनदा का विचारते. हे बायकांना कोणी वाचून दाखवणार नाही, पण आत पक्कं असलं की तिचं बोलणं एकसारखं राहतं. हे तू रच. अगदी मनानं रच, खरंच घडलेलं असायला हवं असं नाही.

लिहिताना सारखी आईच आठवते, म्हणून चिडचिड होते. ज्या बायका तोंड उघडत नाहीत त्यांच्यासाठी मी हे करतेय, आणि माझ्याच घरात तशी एक बाई होती. तू खोदून खोदून विचारत होतीस आणि तिनं सांगितलं नाही. आठव्या महिन्यात माझा भाऊ पोटातच गेला. तुझा भाऊ, आमचे दादा, त्यानंतर माणसांत बसलेच नाहीत, मेंढरांमागंच गेले ते शेवटपर्यंत. मी पाच वर्षांची होते, पण बायका ओट्यावर बोलायच्या ते माझ्या कानावर पडायचं. ‘सारजानं तोंड उघडलं असतं तर.’

असो. तू भूतकाळ पाठव. पंधरा दिवस आहेत.

उत्कर्षा


होटगी
९ जुलै २०२५

बाळ,

उशीर झाला. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा चुलीत घातलं. शेवटी हे जमलं ते पाठवते. मनानंच रचलंय.

निंगव्वा वाडी-वस्तीवर जाऊन गरोदर बायकांची नोंद ठेवायची. हुशार होती आणि तिला ते माहीत होतं, हा तिचा दोष. वस्तीवर एक बाई होती, तिचा नवरा रेल्वेत गँगमन, कामासाठी कुर्डुवाडीकडं गेलेला. या बाईचं आणि निंगव्वाचं चार वर्षं वाकडं होतं. कारण सांगायच्या लायकीचं नाही.

बाईला दिवस भरत आलेले. निंगव्वा नोंद घ्यायला गेली ती फक्त काम म्हणून. उंबऱ्याच्या आतसुद्धा गेली नाही. ती बाई चौकट धरून उभी होती. निंगव्वाचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. बोटांत जोडवी नव्हती. नवरा परगावी आणि ही जोडवी काढून बसलीय, हे बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा माज. तिनं एकदाच विचारलं, ‘बरं हाय का?’ ती म्हणाली, ‘बरं हाय.’ निंगव्वानं वहीत ‘तब्येत ठीक’ लिहिलं आणि वळली.

जोडवी बोटांत रुतत होती म्हणून काढलेली होती. पाय सुजले होते. पायाला सूज हे धोक्याचं लक्षण निंगव्वानं शंभर बायकांना शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. बाई वाचली, मूल गेलं.

तेव्हापासून निंगव्वा तीनदा विचारते आणि आधी पाय बघते.

एवढा भूतकाळ पुरे होईल. आवडला नाही तर फाडून टाक.

आत्या


नवी पेठ, सोलापूर
१५ जुलै २०२५

आत्या,

तू हे आधी का नाही लिहायला घेतलंस? मी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. जोडव्यांपाशी आले तेव्हा प्रियंका पाणी प्यायला म्हणून उठून गेली. कुमार सरांनी कागद मागून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. जोडव्यांचा प्रश्न आम्ही निंगव्वाच्या प्रश्नांत घातलाय. ‘जोडवी घट्ट व्हायलीत का गं?’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूज आहे का असं विचारण्यापेक्षा हे शंभरदा चांगलं.

फक्त एक बदल झाला. सर म्हणाले, चुकलेली बाई कोणाला नको असते, निंगव्वावर विश्वास बसला पाहिजे. म्हणून भूतकाळात तिची चूक काढली. आता असं आहे: निंगव्वानं त्या बाईला पुन्हा पुन्हा विचारलं, हात धरून विचारलं, पण त्या बाईनं तोंड उघडलं नाही आणि मूल गेलं. तेव्हापासून निंगव्वा बायकांना बोलतं करते. मी आधी भांडले, मग मलाही पटलं. तुझं आणि आईचं असंच झालं होतं ना. शेवटी खरं घडलं तेच गोष्टीत आलं.

एक ऑगस्टला ती पहिल्यांदा पन्नास बायकांशी बोलेल. तुझं नाव आभारात घालतेय, अंबुबाई, अंगणवाडी सेविका, होटगी.

उत्कर्षा


होटगी
१९ जुलै २०२५

उत्कर्षा,

माझं नाव काढ. आणि ती गोष्ट तशी ठेवू नकोस.

तुमच्या सरांनी नवं काही केलेलं नाही. त्यांनी जे दोन मिनिटांत रचलं तेच मी तेवीस वर्षं सांगत आले. खोदून विचारलं, तिनं तोंड उघडलं नाही. मूल गेलं त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर तुझा बाप, जोतिराम, मला म्हणाला, ‘अक्का, तू गेली हुतीस की, तुला कळलं न्हाय?’ आणि माझ्या तोंडून पहिल्यांदा ते वाक्य गेलं. एकदा बोलले आणि मग मागं घेता येईना. ओट्यावरच्या बायकांना ते मीच दिलं. तुझ्या कानावर जे पडत होतं ते माझं होतं.

गँगमन वगैरे काही नाही. ती बाई सारजा, तुझी आई. दारात चौकट धरून उभी होती, मी एकदा विचारलं, ती बरं हाय म्हणाली, मी निघाले. जोडवी नव्हती. जोतिराम मेंढरं घेऊन भीमेकडं गेलेला आणि हिनं माझ्या भावाचं सौभाग्यलेणं काढून ठेवलंय, एवढंच मला दिसलं. मी तिच्या पायांकडं नणंद म्हणून बघितलं. सेविका म्हणून बघितलं असतं तर तुझा भाऊ आज तेवीस वर्षांचा असता.

वाकडं कशावरून होतं तेही ऐक. तुझ्या बारशाला मी तुझ्या कानात ‘निंगव्वा’ म्हटलं होतं. आई जाऊन वर्ष झालं होतं, मला ते नाव घरात हवं होतं. सारजा तेव्हा काही बोलली नाही. पुढं माझ्याच अंगणवाडीत नाव घालायला आली आणि म्हणाली, ‘वन्सं, उत्कर्षा लिवा. पोरगी शिकनार हाय, तिला कुनी हसाय नगं.’ चार बायका बसल्या होत्या. माझ्या हातानं, माझ्या रजिस्टरमध्ये मी ‘उत्कर्षा’ लिहिलं आणि तो अपमान चार वर्षं सांभाळला. एका नावावरून. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगू?

तू लहानपणी आईवर रुसून माझ्याकडं यायचीस. मी तुला गूळ-शेंगदाणे द्यायचे आणि मनात बरं वाटायचं. हेही लिहून टाकते.

अंबू आत्या


नवी पेठ, सोलापूर
२४ ऑगस्ट २०२५

आत्या,

महिना झाला. पत्र फाडलं नाही, एवढंच सांगते.

दादांच्या तेराव्याला मी आईला काय म्हणाले होते ते तुला आठवतं, तू शेजारीच बसली होतीस. मी म्हणाले, त्या दिवशी तोंड उघडलं असतंस तर दादा असे झुरून गेले नसते. घर माणसांनी भरलेलं होतं. आई भांडी घासत होती, ती घासत राहिली. तू माझ्या पाठीवर हात फिरवलास. त्या हातानं तू मला थांबवू शकली असतीस. सहा वर्षं मी मनाला हेच सांगत आले की मी बोलले ते कडू होतं पण खरं होतं. आता ते खरंही राहिलं नाही.

मला तुझा राग आलाय आणि तो कुठं ठेवावा हे कळत नाही, कारण आजवर कोणाचाही राग आला की मी तो तुझ्याकडंच घेऊन यायचे.

निंगव्वाचं सांगते. मी सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, मग भूतकाळाचं काय करायचं तू ठरव. एक ऑगस्टची तारीख पुढं ढकलली. तक्त्यातला तो रकाना आता रिकामा आहे आणि माझ्याकडून एक ओळ लिहून होत नाही.

तू मला सांगितलंस, पण मला सांगून काय? सांगायचं जिला होतं ती तुझ्या खिडकीतून रोज दिसते.

उत्कर्षा


होटगी
२ सप्टेंबर २०२५

उत्कर्षा,

काल गेले.

ती शेळ्या बांधून भाकरी करत होती. तिच्या घरी मी जोतिरामच्या तेराव्यानंतर पाऊल टाकलेलं नव्हतं. बस म्हणाली नाही, पण पाट पुढं सरकवला. मी ठरवून गेले होते की रडायचं नाही, नाहीतर तिलाच माझं सांत्वन करावं लागेल. सरळ सांगितलं. एकदाच विचारलं, मनात अढी होती, जोडवी नव्हती ती बघितली आणि चुकीचं समजले, नंतर भावाशी खोटं बोलले, गावाशी खोटं बोलले, तुझ्या लेकीशी खोटं बोलले.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, ‘वन्सं, तुमी धा येळा इचारलं असतं तरी म्या सांगितलं नसतं.’

मला वाटलं माझं मन राखायला म्हणतेय. तर म्हणाली, ‘खरंच सांगते. डोकं लई दुखत हुतं, डोळ्यापुढं काजवं यायचं. दुसरी कुनी बी आली असती तर पाय धरून सांगितलं असतं. पर तुमी आलता. तुमच्यापुढं रडायचं न्हाय असं मनात धरलं हुतं. तुमी पायाकडं बघितलं तवा म्या पाय लुगड्यात वडून घेतलं.’

ते मला दिसलंच नव्हतं. तेवीस वर्षं मी मनानं त्या दाराशी रोज जाऊन उभी राहते आणि तिनं पाय ओढून घेतले हे मी एकदाही बघितलं नाही.

मी म्हटलं, मग लोक तुला बोलत होते तेव्हा तू गप्प का बसलीस? म्हणाली, ‘ते म्हनत हुते त्यातलं निम्मं खरंच हुतं की.’

मग मी तुझ्या यंत्रातल्या बाईचं सांगितलं. ती काय, कशी, कशासाठी. नाव ऐकून हसली थोडी. म्हणाली, ‘लागलं म्हनायचं नाव कामाला.’ मग विचारलं, ‘ती कुनाची नणंद न्हाय, जाऊ न्हाय?’ म्हटलं, कोणाचीच कोणी नाही. म्हणाली, ‘मग सांगतील बायका.’

तेव्हा तुझ्या रिकाम्या रकान्याचं माझं उत्तर हे. त्यात काही लिहू नकोस. माझं खोटं नको आणि माझं खरंही नको. जिला मागचं काही नाही, तिच्यापुढं कोणी पाय ओढून घेणार नाही. माणसाला ते जमत नाही, मला तर नाहीच जमलं. जोडव्यांचा प्रश्न मात्र ठेव.

निघताना मी सांगितलं की उत्कर्षाला सगळं लिहून कळवलंय. तेव्हा पहिल्यांदा ती माझ्यावर चिडली. भाकरी परातीत टाकली आणि म्हणाली, ‘कशाला सांगितलं? माज्यापशी तर ती बोलत न्हाय. तिला आत्या तरी हुती. ती बी तुमी काढून घेतली.’

बाळ, हे तिच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलंय. तुझ्याकडं बोलायला कोणीतरी असावं म्हणून ती माझं खोटं ऐकून घेत राहिली, आणि मी समजत होते तिला उत्तर सुचत नाही.

मला उत्तर लिहू नकोस. लिहायचं तर तिलाच काहीतरी लिहायला हवं, आणि तिला वाचता येत नाही. तेव्हा तुला यावंच लागेल.

अंबू आत्या